अब्जांश कणांनी कारखान्याचे फाटक ओलांडावे

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्याकडील गृहिणींना रसायनशास्त्राच्या पदवीविना ठाऊक होते. धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ लेप द्यावयाचा, या जुन्याच तत्त्वाला अब्जांश तंत्रज्ञानाने नवे बळ दिले आहे. निकेलच्या विलेपन-द्रावणात सिलिकॉन कार्बाइडचे अब्जांश कण मिसळले की ते धातूबरोबरच पृष्ठभागावर बसतात. असा संमिश्र लेप नुसत्या निकेलहून कठीण व कमी झिजणारा होतो. अडचण आहे ती गुठळ्यांची. कण द्रावणातच एकमेकांना चिकटले की 'अब्जांश' हे नाव तेवढे उरते.

अहिल्यानगर जिल्ह्यात या विद्येला काम नाही, असे कोण म्हणेल? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. उसाचा रस आम्लधर्मी, शिवाय त्यात शेतातून आलेली माती व वाळू. लोखंडावर गंज चढतो, वाळू तो खरवडते आणि उघडा पडलेला धातू पुन्हा गंजतो. पंप आणि झडपा बदलण्याचा हा खर्च अखेर ऊसउत्पादकाच्याच पदरी पडतो.

सरसकट उत्साह मात्र नको. मिलच्या रोलरचे दात खडबडीतच हवेत, एरवी ते ऊस धरणार नाहीत. म्हणून त्यांवर वेल्डिंगने कठीण धातूचे ठिपके चढवितात. तेथे गुळगुळीत पातळ लेपाचे काय काम? लेपातून रसात निकेल किती उतरते, हेही आधी मोजावे लागेल. साखर खाणाऱ्याच्या पोटाशी खेळ नको.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी अब्जांश कण घडविले. तो शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये केंद्राने 'नॅनो मिशन'साठी पाच वर्षांकरिता १,००० कोटी रुपये मंजूर केले. पुढे पाल्याच्या अर्कातून चांदीचे कण करणाऱ्या निबंधांचे महाविद्यालयांतून उदंड पीक आले. कणांचे छायाचित्र, आकाराचा आलेख, आणि निबंध समाप्त! आणखी एका झाडाचा पाला उकळून पीएच. डी. मिळेलही, कारखान्यातल्या पंपाला त्याचे सोयरसुतक नाही.

जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने एवढे करून पाहावे. लेप दिलेले व न दिलेले लोखंडी तुकडे तोलून रसाच्या वेगळ्या काढलेल्या लहानशा धारेत टांगावेत, गाळप हंगाम संपल्यावर पुन्हा तोलावेत. ती धार साखरेकडे वळवू नये. झीज किती व निकेल किती, हे दोन्ही आकडे, प्रतिकूल असले तरी, सभासदांपुढे ठेवावेत. संचालक मंडळाने परवानगीचे पत्र बॉयलरच्या अग्निप्रदीपनापूर्वीच द्यावे. हंगाम एकदा सुरू झाला की मुख्य अभियंत्याला प्राध्यापकांशी बोलायला फुरसत मिळत नाही.