गर्दीचं गणित मांडवाच्या आधी

नाशिकच्या सिंहस्थात 27 ऑगस्ट 2003 ला पंचवटीतल्या अरुंद उतारावर 39 भाविक चेंगरून मेले. मिरवणुकीत कुणी तरी चांदीची नाणी उधळली, ती उचलायला लोक वाकले आणि मागचा लोंढा अंगावर आला, असं तेव्हा सांगितलं गेलं. वीस वर्षांहून अधिक काळ आपण त्या नाण्यांबद्दल बोलतो आहोत. त्या उतारावर त्या क्षणी किती माणसं होती आणि तो उतार किती माणसं पेलू शकत होता, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

हा प्रश्न आधीच विचारता येतो, आणि तो विचारणारं सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहे. डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी 1995 मध्ये चालणाऱ्या माणसाचं गणित मांडलं. प्रत्येकाला कुठं तरी पोचायचं असतं, तो सेकंदाला साधारण सव्वा ते दीड मीटर चालतो, भिंतीला आणि दुसऱ्या माणसाला खेटायचं टाळतो. एवढ्या मोजक्या नियमांवर हजारो ठिपके नकाशात सोडले, की कुठला चौक तुंबणार ते डोळ्यांसमोर दिसतं. निळे-हिरवे ठिपके पिवळे होतात, मग एखाद्या वळणावर लाल डाग धरतो आणि मागं मागं पसरत जातो. ‘लीजन’, ‘मासमोशन’ यांसारखी सॉफ्टवेअर्स याच कामासाठी आहेत. जर्मनीतल्या युलिष संशोधन केंद्राचं ‘जुपेडसिम’ तर फुकट मिळतं.

हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी 2000 साली आणखी एक गोष्ट दाखवली. घाबरलेला जमाव दरवाजाकडे जितक्या जोरानं ढकलतो, तितका दरवाजा हळू मोकळा होतो. घाटाघाटांत ‘अति घाई संकटात नेई’ अशा पाट्या आहेत, त्याचं हे गणिती प्रमाण म्हणायला हरकत नाही.

पण सॉफ्टवेअर लांबच राहू द्या. साध्या वहीतही बरंच दिसतं. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं जातात, जिन्यावरून 66. म्हणजे तीन मीटरच्या जिन्यावरून मिनिटाला दोनशेच्या आत. समजा एका लोकलमधून हजार माणसं उतरली, तर तो जिना मोकळा व्हायला पाच मिनिटं हवीत. गर्दीच्या वेळी त्याच्या आधीच पुढची गाडी लागलेली असते. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पाऊस पडत होता, त्यामुळे आडोशाला थांबलेले लोक खाली उतरत नव्हते आणि खालून गाड्यांची माणसं चढत होती. 23 जण गेले. तिथं रुंद पुलाला आधीच मंजुरी मिळाली होती, पण काम उभं राहिलं नव्हतं. जिन्याची रुंदी आणि गाड्यांचं वेळापत्रक, दोन्ही रेल्वेकडेच होतं. दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे होते.

एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत माणूस आपल्या पायांनी चालतो. सहा-सातच्या पुढं त्याच्या हातात काही राहत नाही, जमाव हलेल तसा तो हलतो. बरगड्या दाबल्या जातात, श्वास घेता येत नाही, आणि माणूस उभ्या-उभ्या जातो. मागच्याला पुढं काय चाललंय हे कळायला मार्ग नसतो. त्याला फक्त थांबलेली पाठ दिसते. म्हणूनच दुर्घटनेनंतर ‘लोकांनी शिस्त पाळली नाही’ असं कुणी म्हणालं की मला संताप येतो. मांढरदेवीच्या चेंगराचेंगरीत 25 जानेवारी 2005 ला नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून पडलेल्या माणसानं कुठली शिस्त पाळायला हवी होती?

2015 च्या सिंहस्थात नाशिकनं एक चांगला प्रयोग पाहिला. एमआयटीत असलेले मूळचे नाशिककर रमेश रासकर यांच्या पुढाकारानं ‘कुंभथॉन’ हा नवकल्पनांचा मेळावा भरला आणि त्यातून निलय कुलकर्णी या शाळकरी मुलानं साथीदारांसह ‘आशिओतो’ तयार केली. ही रस्त्यावर अंथरायची चटई. तिच्यावर पाय पडला की मोजला जातो आणि आकडा थेट बंदोबस्ताच्या हाती. त्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली नाही. श्रेय पोलिसांच्या आखणीचंही आहे, पण शहरातल्याच मुलांनी शहराचा प्रश्न हातात घेतला याचं मला मोल वाटतं. चटई आत्ताची गर्दी सांगते, सॉफ्टवेअर तासाभरानंतरची. या क्षेत्रात उतरणाऱ्या आपल्या स्टार्टअपनी या दोन्ही गोष्टींची सांगड घालावी.

त्यांनी ठिपकेही आपले घ्यावेत. कानपूरच्या आयआयटीतले पार्थ चक्रवर्ती आणि युलिषचे आर्मिन सायफ्रीड यांच्या गटानं भारतीय आणि जर्मन माणसांना एकामागोमाग एका रांगेत चालवून पाहिलं. 2009 साली आलेल्या त्या अभ्यासात भारतीय माणूस पुढच्यापासून कमी अंतर ठेवतो आणि गर्दी वाढली तरी त्याचा वेग तितका पडत नाही, असं दिसलं. मग परदेशी आकडे पंचवटीतल्या रामकुंडावर जसेच्या तसे कसे चालतील? तिथं एका बाईच्या पदराला दुसरी, तिच्या पदराला तिसरी अशी माळ चालत असते. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल. ही माळ तुटली की सगळ्या जागच्या जागी थांबतात आणि हाका मारतात. वारीत दिंड्या क्रमानं चालतात, रथापुढं कोण, रथामागं कोण हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. एकट्यानं चालणाऱ्या ठिपक्याच्या हिशेबात यातलं काहीच बसत नाही.

आणि प्रश्न कोणता विचारला, यावर सारं अवलंबून आहे. जर्मनीत डुइसबर्गला 2010 च्या ‘लव्ह परेड’मध्ये 21 जण गेले. तिथंही आधी संगणकीय अभ्यास झाला होता, पण त्याचा भर मैदान रिकामं कसं होईल यावर होता. येणारे आणि जाणारे बोगद्यापुढच्या एकाच उतारावर समोरासमोर आले आणि माणसं तिथं मेली. प्रयागराजला 2025 च्या महाकुंभात कॅमेऱ्यांना तोटा नव्हता. मौनी अमावस्येच्या पहाटे सरकारी आकड्यानुसार 30 जण गेले. लाल डाग दिसल्यावर दोन किलोमीटर मागं लोंढा अडवायचा अधिकार कुणाचा, हे ठरलेलं नसेल तर पडदा नुसता बघायचा उरतो.

2 ऑगस्ट 2027 ला नाशिकचं पहिलं अमृतस्नान आहे. माझी मागणी साधी आहे. सिंहस्थाच्या आराखड्याचा गर्दी-अभ्यास त्याआधी सहा महिने लोकांसमोर ठेवा, त्यात धरलेल्या आकड्यांसकट. त्र्यंबकेश्वरच्या गल्ल्यांतून कुशावर्त कुंडावर तासाला किती माणसं जाऊ-येऊ शकतात, ते त्यात असू द्या. कुठल्या नाक्यावर कुठला अधिकारी, कुणालाही फोन न करता, लोंढा थांबवू शकतो, ते हुद्द्यासकट छापा. आणि ऑगस्ट हा पावसाचा महिना. गंगापूर धरणातून पाणी सुटलं, गोदावरी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागली, तर घाट किती उरतो आणि तेवढ्या घाटावर किती माणसं मावतात, हे गणित करून दाखवा.