खडा काढायचे किती घ्याल?



गॅरेज टाकायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. लिफ्ट घ्यायची का? स्कॅनर कोणता घ्यायचा? जागा हायवेवर बघायची की गावात? सगळे प्रश्न बरोबर आहेत. पण त्याआधी एक गोष्ट ठरवा : तुम्ही पैसे कशाचे घेणार? पार्ट बदलायचे, की दोष शोधायचे?

हिंगणघाट धरून चालू. नागपूर-हैदराबाद महामार्ग, म्हणजे आताचा 44 नंबर आणि जुना 7 नंबर, इथूनच जातो. कापसाची मोठी बाजारपेठ. आजूबाजूच्या गावांतल्या गाड्या पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून येतात. अशा ठिकाणी एक तक्रार तुमच्याकडे हमखास येणार :

"भाऊ, गाडी वळवली का खालून घरघर आवाज येते. पाहून दे बरं."

या एका वाक्यामागे निदान पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात. म्हणून पान्हा हातात घ्यायच्या आधी ग्राहकाला प्रश्न विचारा. आवाज उभ्या गाडीत येतो की चालत्या? एकाच बाजूला वळताना की दोन्ही? ब्रेक दाबल्यावर वाढतो का? मग त्याला शेजारी बसवून ट्रायल घ्या आणि नीट ऐका.

स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की कट-कट : बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर संशय. चाकामागचा रबरी बूट बघा. तो फाटला की ग्रीस बाहेर उडतं, आत माती जाते आणि जॉइंट झिजतो. आवाज यायच्या आधीच फाटका बूट दिसला, तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागू शकतं. उशीर झाला की जॉइंट किंवा अख्खा एक्सल. आणि ईको, ओम्नी या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. त्यांच्या पुढच्या चाकांना सीव्ही जॉइंट नसतोच, तिथे तो शोधत बसू नका.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं : व्हील बेअरिंग बघा. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. त्यामुळे उजवीकडे वळताना आवाज वाढला तर आधी डावं चाक तपासायचं. गाडी उचला, खाली स्टँड लावा, चाक हाताने फिरवा, वर-खाली हलवून बघा.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज : ब्रेक पॅड संपलेत का बघा. पॅड चांगले असतील तर डिस्कच्या मागचा पातळ पत्रा बघा. तो वाकून डिस्कला घासतो, किंवा पत्रा आणि डिस्कच्या मध्ये खडा अडकतो. चिखल वाळून बसला तरी तेच.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कर्र किंवा टंग : शॉकअपच्या वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग तपासा. ऑइलवालं पॉवर स्टिअरिंग असेल आणि कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर ऑइलची पातळी बघा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, त्यात ऑइल नसतंच.

आता धंद्याचा प्रश्न. समजा, अर्धा तास घालवून तुम्हाला पत्र्यामागे एक खडा सापडला. स्क्रू ड्रायव्हरने काढला, आवाज बंद. पार्ट लागला नाही. किती पैसे घ्याल?

बरेच जण म्हणतील, "खड्याचे काय पैसे घ्यायचे, जाऊ द्या." मन मोठं आहे, चांगलं आहे. पण महिन्यात असे दहा खडे निघाले तर पाच तास फुकट गेले. मग अकराव्या गाडीच्या वेळी मनात येतं, "बेअरिंग बदलू, बघू काय होतं ते." इथून घसरण सुरू होते. दोष सापडो न सापडो, पार्ट बदलला तरच कमाई, अशी रचना असेल तर प्रामाणिक माणसाचाही हात पार्टकडेच जातो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : तपासणीची फी वेगळी घ्या, आणि गाडी उचलायच्या आधी सांगा. "काम केलं तर तपासणी फुकट" ही स्कीमही नको. त्यात दोष विकला तरच तुमचा खर्च निघतो, म्हणजे गाडी फिरून त्याच जागी येते.

"सर, छोट्या गावात तपासणीचे पैसे कोण देतं? शेजारचा तर फुकट बघतो." खरं आहे, सुरुवातीला काही ग्राहक निघून जातील. पण डॉक्टरने तपासून "काही नाही झालं" म्हटलं तरी आपण फी देतोच ना? फक्त ग्राहकाला काहीतरी हातात मिळायला हवं. तेव्हा एवढं करा :

- फी पाटीवर लिहा. समजा 200 रुपये. आकडा तुमचा वेळ आणि जागेचं भाडं बघून ठरवा.
- अर्ध्या पानावर लिहून द्या : आवाज कधी येतो, काय तपासलं, काय सापडलं.
- मोबाइलवर फोटो दाखवा. पार्ट बदललाच तर जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्या.
- चाकात खेळ असेल किंवा पॅड संपले असतील, तर "चालवू नका" असं स्पष्ट सांगा आणि कागदावरही लिहा. यात घरची माणसं बसतात.

दुसरीकडे बेअरिंग बदलूनही आवाज न गेलेला माणूस भांडायला येईलच असं नाही. तो फक्त चहाच्या टपरीवर बोलतो. हिंगणघाटएवढ्या गावात ते ऐकायला वेळ लागत नाही.

गॅरेज नसलं तरी हा हिशोब तुम्हाला लागू आहे. मोबाइल रिपेअरिंग असो, मोटार वायंडिंग असो की फ्रिज दुरुस्ती, तुमच्या धंद्यातला 'खडा' कोणता? आज रात्री वही घ्या आणि गेल्या आठवड्यात किती तास फुकट दोष शोधण्यात गेले ते लिहा. मग पाटीवरचा आकडा ठरवा आणि कमेंटमध्ये कळवा.