कुर्दांचे स्वराज्य आणि मुळशीचा सवाल

तुर्कस्तान, इराक, इराण व सीरिया या चार देशांत विभागल्या गेलेल्या तीन कोटींहून अधिक कुर्द जनतेला स्वतःचे राष्ट्र मिळेल काय, हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. १९२० च्या सेव्हरच्या तहात विजेत्या राष्ट्रांनी तिला स्वायत्तता व पुढे स्वातंत्र्याची शक्यता देऊ केली. १९२३ च्या लोझानच्या तहात त्या आश्वासनाचा मागमूसही उरला नाही. त्याच सुमारास, १९२१ ते १९२४ या काळात, मुळशी पेट्यातील मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह करीत होते.

दोन्ही लढ्यांच्या मुळाशी एकच सवाल आहे. मुळशीत धरण बांधणारी टाटांची कंपनी स्वदेशी होती. तिच्या दिमतीला इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा होता. अनेक सावकारांनी मोबदल्यावर तडजोड केली. कसणाऱ्याचा नकार कोणी जमेस धरला नाही. स्वराज्याची चळवळ ऐन भरात असताना ते स्वराज्य कोणाचे, असे मुळशीने विचारले. धरण झाले, गावे बुडाली.

कुर्दबहुल आग्नेय तुर्कस्तानात टायग्रिसवरील इलिसू धरणाने २०२० मध्ये हसनकैफ हे प्राचीन नगर गिळले. तो निर्णयही तेथे न होता अंकारात झाला. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेने कुर्दिस्तानला स्वायत्त प्रदेश म्हणून मान्यता दिली, ही मोठीच कमाई होय. परंतु तेथील दोन प्रमुख पक्ष १९९० च्या दशकात परस्परांशी लढले. ज्या सद्दामच्या राजवटीने १९८८ मध्ये हलबजावर विषारी वायू सोडला, त्याच्याच सैन्याला १९९६ मध्ये त्यांपैकी एकाने मदतीला बोलावले. सप्टेंबर २०१७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. महिन्याभरात तेलसंपन्न किर्कुक हातचे गेले, आणि एकही बडे राष्ट्र मदतीला धावले नाही.

म्हणून स्वतंत्र राष्ट्राची वाट अद्याप लांबची आहे. जवळची वाट लोकशाही चौकटीतील खऱ्या स्वायत्ततेची. मे २०२५ मध्ये कुर्दिस्तान कामगार पक्षाने सशस्त्र लढा संपविण्याचा निर्णय जाहीर केला. परंतु २०१६ पासून निवडून आलेल्या कुर्द नगराध्यक्षांना हटवून जेथे सरकारी प्रशासक नेमले गेले, तेथे केवळ शस्त्रे खाली ठेवल्याने न्याय प्रस्थापित होत नाही. मातृभाषेतील शिक्षण व स्थानिक सत्ता यांची हमी शासनाने दिली पाहिजे.

समाजवाद्यांनी कुर्दांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काची बाजू निःसंकोच घ्यावी. मात्र एर्बिलच्या सत्ताधाऱ्यांनाही तोच सवाल विचारावा, जो मावळ्यांनी पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांना विचारला होता: तेल, पाणी आणि जमीन यांवर कष्टकऱ्यांचा शब्द चालणार आहे काय?