वर्षातून एकदाच मिळणारा शेरा

मार्च संपत आला की कार्यालयांत मूल्यमापनाचे वारे वाहू लागतात. वर्षभराच्या कामाचा हिशेब एका अर्जात भरायचा, साहेबांसमोर थोडा वेळ बसायचे आणि एक श्रेणी घेऊन बाहेर पडायचे. या दिवसांत अनेकांची झोप उडते, पित्त खवळते, डोके धरते. याला मनाचा दुबळेपणा म्हणून भागणार नाही. आपले काम कसे चालले आहे, हे माणसाला कुठून आणि कोणत्या रीतीने कळते याचा संबंध त्याच्या कामाशी असतो, तसाच तब्येतीशीही असतो.

अमेरिकी संशोधक मार्टिन ग्रेलर व डेव्हिड हेरॉल्ड यांनी 1975 मध्ये अशा अभिप्रायाचे पाच स्रोत मांडले : संस्था, वरिष्ठ, सहकारी, प्रत्यक्ष काम आणि स्वतः कर्मचारी. कर्मचारी अधिक विसंबतात ते जवळच्या स्रोतांवर, संस्थेच्या औपचारिक कागदांवर नव्हे, असे त्यांना दिसले. गवंड्याला ओळंबा लावताच भिंत सरळ आहे की नाही ते कळते; शिक्षकाला वर्गातले चेहरे सांगतात. सगळा भर मात्र दिला जातो तो वार्षिक अर्जावर.

अभिप्राय दिला की काम सुधारतेच, हाही समज तपासून पाहण्याजोगा आहे. अव्राहम क्लुगर व अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये तोवरच्या संशोधनातील 607 निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारले होते. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट खालावले होते. बोलण्याचा रोख कामावरून माणसावर गेला की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. ‘या अहवालात दोन आकडे राहिले’ हे ऐकून माणूस आकडे भरतो. ‘तुमचे लक्षच नसते’ हे ऐकून तो स्वतःला सावरण्यात गुंततो.

आरोग्याच्या बाजूनेही पुरावा आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल-2’ हा अभ्यास 1985 मध्ये सुरू झाला. वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात, ऐकून घेतात, पुरेशी माहिती देतात, असे वाटणाऱ्या पुरुषांमध्ये पुढील काळात हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. एवढ्यावरून साहेबाच्या वागण्यानेच हृदय बिघडते असे सिद्ध होत नाही; पण हा संबंध दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

आपल्याकडे तर शेरा कळणेच दीर्घकाळ दुरापास्त होते. सीमा रस्ते विभागातील कार्यकारी अभियंता देव दत्त यांची बढती एका वर्षीच्या ‘चांगला’ या नोंदीमुळे अडली. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवे होते आणि ती नोंद त्यांना कळवलीच गेली नव्हती. गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला. त्यानंतर 2009 मध्ये केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आणि त्यावर म्हणणे मांडण्यासाठी पंधरा दिवस देण्याचा आदेश काढला. घरपोच सेवा देणाऱ्या कामगारांचा प्रश्न याच जातीचा आहे. अनोळखी ग्राहकाने दिलेले तारे त्यांच्या मोबाइलवर उमटतात. पण चूक काय झाली हे तारे सांगत नाहीत.

उपाय खर्चिक नाहीत. काम झाल्यावर लगेच, नेमक्या कामाबद्दल बोलावे. पगारवाढीची चर्चा वेगळ्या दिवशी ठेवावी. कर्मचाऱ्याला उत्तर देण्याची जागा द्यावी, आणि ‘माझे कुठे चुकते?’ असे विचारणाऱ्याला ते विचारणे महागात पडू नये. वार्षिक अर्ज राहू द्यावा. पण त्यात कर्मचाऱ्याला आधी ठाऊक नव्हते असे काही निघाले, तर तो दोष आधी वर्षभर गप्प राहिलेल्या वरिष्ठाच्या खाती मांडला पाहिजे.