गोवर ‘निघून गेलेला बरा’ नव्हे



‘गोवर एकदा निघून गेला की मूल काटक होते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. गोवर सहसा पुन्हा होत नाही, हे मान्य. पण त्याची किंमत जबर असते. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त संशोधकांनी तपासले. २०१९ मध्ये ‘सायन्स’ने छापलेल्या या अभ्यासात, मुलांची इतर रोगजंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. गोवराचा विषाणू जुन्या संसर्गांची आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. त्यामुळे पुरळ मावळले तरी न्यूमोनियाचा धोका टळत नाही. लस घेतलेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. २०२२ ची मुंबईच्या गोवंडीतील गोवराची साथ आठवून तरी नऊ आणि सोळा महिन्यांनंतरचे लसीचे डोस चुकवू नयेत.

– एक वाचक, सांगली