धोक्याची माहिती घरापर्यंत

अपघातात नडगीचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा गेला, तरी तेवढे हाड पुन्हा वाढवता येते. त्यासाठी बुलढाण्याजवळच्या देऊळघाटच्या माणसाला मुंबई गाठावी लागत नाही. खामगाव ओलांडले की अकोला; तिथे डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव्ह तंत्राचे केंद्र उभे केले आहे. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकात घडवलेली ही पद्धत. पायाभोवती धातूच्या कड्या बसवायच्या, त्यांतून हाडात आरपार तारा ताणायच्या. मग धड जागी हाड मुद्दाम कापायचे, काही दिवस थांबायचे आणि कापलेला भाग दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकवायचा. मागे राहणाऱ्या फटीत नवे हाड धरते. घाई केली तर हाड नीट धरत नाही, दिरंगाई झाली तर फट अवेळीच जुळून बसते.

हा एक मिलिमीटर रुग्ण स्वतःच्या घरी सरकवतो. त्याच्या हातात पाना दिलेला असतो. दिवसातून चार वेळा, पाव-पाव मिलिमीटर. तारेच्या तोंडाशी लाली आली, पू दिसला, ठणका लागला तर काय करायचे, हे त्याला आणि घरच्यांना शिकवावेच लागते. त्याशिवाय हे कितीतरी महिन्यांचे काम तडीस जात नाही.

मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बाईच्या वाट्याला हे शिकवणे क्वचितच येते. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून आयव्हीएफचे मूल जन्मले. आज टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या पाट्या जिल्ह्याच्या गावांतही दिसतात आणि त्यांचे आम्ही स्वागतच करतो, कारण मूल नाही म्हणून बाईला काय काय ऐकावे लागते ते आपल्या गावांना ठाऊक आहे. पण या उपचारातला मोठा धोका बऱ्याचदा दवाखान्यात उगवतच नाही. एका वेळी पुष्कळ बीजे तयार व्हावीत म्हणून रोज इंजेक्शने देतात. शेवटी ती पक्व करणारे एचसीजीचे इंजेक्शन देतात. काही जणींचे बीजांडकोश त्याला अतोनात प्रतिसाद देतात. रक्तवाहिन्यांतले पाणी झिरपून पोटात साठते, रक्त घट्ट होते, लघवी कमी होते, धाप लागते. क्वचित रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेतते. पीसीओएस असलेल्या आणि तरुण स्त्रियांना हा धोका अधिक. हे सारे इंजेक्शननंतर काही दिवसांनी, आणि गर्भ राहिला तर आणखी उशिरा. तोवर बाई एसटीने गावी परतलेली असते. फुगलेले पोट घरात ‘गॅस’ ठरते आणि ओवा चावायला मिळतो.

हा धोका बराच कमी करता येतो. इंजेक्शनचा प्रकार बदलता येतो, गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडता येतो. डॉक्टरांना हे माहीत आहे. कायदाही मुका नाही: 2021चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा सांगतो की यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांची जोखीम जोडप्याला समजावून सांगणे हे केंद्राचे काम आहे. दुसऱ्या जोडप्यासाठी बीज देणारी स्त्री 23 ते 35 वयाची हवी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे, सातपेक्षा जास्त बीजे काढू नयेत आणि तिचा बारा महिन्यांचा विमा असावा, हेही त्यात आहे. त्याआधी, 2010 साली, मुंबईत बीज देणारी सतरा वर्षांची मुलगी काही दिवसांत दगावली होती. ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

जाता जाता एक: रुग्णाच्याच रक्तातून काढलेला पीआरपी (प्लेटलेट्सनी समृद्ध रक्तद्रव) गुडघ्यात टोचतात, तसाच आता बीजांडकोशातही टोचला जातो. या दुसऱ्या वापराची शिफारस करता येत नाही, असे युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. जमीन विकून त्याचे पैसे भरण्याआधी हे त्या जोडप्याच्या कानावर पडायला हवे.

कायद्यातले ‘समजावून सांगणे’ म्हणजे इंग्रजी छापील अर्जावर सही नव्हे. देऊळघाटसारख्या गावी परतणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाती तिला वाचता येईल अशा मराठीत किंवा उर्दूत एक कागद द्या. त्यावर शेवटचे इंजेक्शन कोणते आणि कोणत्या तारखेला दिले ते असू द्या. वजन एकदम वाढले, लघवी कमी झाली, धाप लागली तर थांबू नका, हे ठळक असू द्या. रात्री उचलला जाईल असा फोन नंबर असू द्या. त्याची एक प्रत आशाताईंकडे आणि एक जवळच्या आरोग्य केंद्रात जावी, म्हणजे मध्यरात्री तिला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला कुठून सुरुवात करायची ते कळेल. याला ना नवे यंत्र लागते ना नवे संशोधन. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ठरवले तर या महिन्यातही ते सुरू होऊ शकते.