झाडांशी ओळख

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मुंबईची राणीची बाग पाहिली आहे का? ही बाग भायखळ्याला आहे. तिचे आजचे नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे आहे. ती १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. मदनपुरा, नागपाडा यांसारख्या दाट वस्त्या येथून जवळच आहेत. जिथे खिडकीतून झाड दिसणे कठीण, तिथल्या मुलांना ही बाग म्हणजे आपले अंगणच वाटते.

२०१७ पासून येथे पेंग्विन पाहायला मिळतात. फाटकातून आत शिरलेली गर्दी थेट तिकडेच धावते. पेंग्विन जरूर पाहा. पण माझ्या मते या बागेचे खरे धन म्हणजे तिची जुनी झाडे.

येथील गोरखचिंचेसमोर क्षणभर उभे राहा. तुम्ही तिला गोरख इमली म्हणता. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. त्याचा बुंधा तुमच्या कवेत मावणार नाही. त्याची पांढरी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांच्याकडे येतात. कैलासपतीचे तर नवलच! त्याची फुले थेट खोडावरच लागतात.

काही लोक विचारतात, "मुंबईत जागा एवढी महाग, मग झाडांसाठी एवढी जागा कशाला?" त्यांनी उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावरून या बागेत यावे. आत येताच हवा गार लागते. झाडे मुळांनी पाणी शोषतात आणि पानांवाटे त्याची वाफ सोडतात. त्यामुळे सावलीतली हवा थंड राहते. असा पंखा कोणत्या दुकानात मिळेल?

२००७ साली या बागेच्या पुनर्विकासाची मोठी योजना पुढे आली. तेव्हा झाडांच्या काळजीने काही नागरिक एकत्र आले. त्यांना ही झाडे नावानिशी ठाऊक होती, म्हणूनच ते त्यांच्यासाठी बोलू शकले. अनोळखी झाड तुटले तर कोणाला दुःख होत नाही. ओळखीचे तुटले तर मन हळहळते.

मित्रांनो, 'बाग' हा शब्द मराठीत आहे, तसाच उर्दूतही आहे. गुलाब, हवा, जमीन हे शब्दही दोन्ही भाषांचे आहेत. तेव्हा पुढच्या सुट्टीत जवळच्या बागेत जा. एक झाड निवडा. त्याचे नाव दोन्ही भाषांत विचारून घ्या आणि प्रत्येक ऋतूत त्याला भेटा. मग ती बाग तुम्हाला परकी वाटणार नाही, आणि तिच्यावर संकट आले तर तुम्ही गप्प बसणार नाही.